आधी राज्य, मग युनिव्हर्सिटी: डीपीटी आणि लायसन्सपर्यंतची साडेतीन वर्षं

ऑगस्ट २०२५ मध्ये माझी डीपीटी, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी ही फिजिओथेरपीची अमेरिकी पदवी, पूर्ण झाली आणि नोव्हेंबरमध्ये टेक्सासमध्ये फिजिओथेरपी करायचं लायसन्स आलं. तेव्हापासून ज्युनिअर्सचे मेसेज येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: ताई, कुठल्या युनिव्हर्सिटीला अप्लाय करू? मी उलट विचारते, काम कुठल्या राज्यात करायचंय? समोरचा गोंधळतो, कारण ॲडमिशन ही पहिली पायरी आणि लायसन्स ही शेवटची, असंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं. कागदपत्रांचा हिशेब मात्र शेवटच्या पायरीपासून मागे येत लावावा लागतो. हे वेळेत सांगणारी एक सीनियर मला भेटली म्हणून माझं निभावलं. तिने जे सांगितलं आणि पुढे जे अनुभवाला आलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी थोडं या पदवीबद्दल. अमेरिकेतही ती तशी अलीकडचीच. क्रेटन युनिव्हर्सिटीने १९९३ मध्ये डीपीटीची पहिली बॅच घेतली, २००० साली अमेरिकन फिजिकल थेरपी असोसिएशनने २०२० पर्यंत हा व्यवसाय डॉक्टरेट घेतलेल्यांचा करायचं उद्दिष्ट ठेवलं आणि २०१६ पासून फिजिकल थेरपिस्ट घडवणारे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम सगळेच डीपीटीचे झाले. तिथली मुलं बॅचलर्स करून मग साधारण तीन वर्षं डीपीटी करतात. आपण बारावीनंतर साडेचार वर्षांत, इंटर्नशिप धरून, बीपीटी म्हणजे फिजिओथेरपीचे पदवीधर होतो. जे आधीच फिजिओथेरपिस्ट आहेत त्यांच्यासाठी ट्रान्झिशनल म्हणजे टी-डीपीटी असते. मी ती केली. ही पीएचडी नाही, संशोधनावर वर्षानुवर्षं प्रबंध लिहायचा नसतो. आणि हे लायसन्सही नाही. डीपीटी नसताना क्रेडिट्स, म्हणजे शिकलेल्या विषयांचं तासांवरून केलेलं मोजमाप, जुळली तर लायसन्स मिळू शकतं आणि डीपीटी असूनही क्रेडिट्स जुळली नाहीत तर अडतं. हे एक वाक्य नीट समजलं की पुढचं सगळं सोपं जातं.

मी २०१७ मध्ये बीपीटी झाले आणि एका ऑर्थोपेडिक हॉस्पिटलच्या ओपीडीत कामाला लागले. काम आवडत होतं, पेशंट जीव लावायचे. पण दिवसभर हातात येणाऱ्या चिठ्ठ्यांवर एकच ओळ असायची: आयएफटी, एसडब्ल्यूडी (म्हणजे मशीनचा करंट आणि शेक), एक्सरसाइज, दहा दिवस. पेशंटला तपासल्यावर मला वेगळं काही दिसलं तरी ते कोणत्या आधारावर सांगायचं, हे मला माहीत नव्हतं. हात शिकलेले होते, पण निर्णय घ्यायची पद्धत शिकायची राहिली होती. २०२२ च्या मार्चमध्ये मी घरी सांगितलं की मला हे शिकायचंय. आईबाबांनी दोनच प्रश्न विचारले, खर्च किती आणि वेळ किती. तेव्हा दोन्हींची उत्तरं माझ्याकडे नव्हती.

पहिलं काम केलं ते राज्य निवडण्याचं. अमेरिकेत लायसन्स देशाचं नसतं, राज्याचं असतं, आणि परदेशी पदवीधरांसाठी प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. मी टेक्सास निवडलं, कारण मावसबहीण तिथे राहते आणि तिथल्या लायसन्स देणाऱ्या बोर्डाच्या वेबसाइटवरचे नियम मला वाचून कळत होते. दुसरं कारण क्षुल्लक वाटेल, पण तुम्हीही ते लक्षात ठेवा. जिथले नियम वाचून कळत नाहीत, तिथे पुढची दोन वर्षं ईमेल करण्यात जातात.

मग एफसीसीपीटी. ही परदेशी फिजिओथेरपीच्या पदव्यांची अमेरिकी पदवीशी तुलना करणारी संस्था. तुमचा प्रत्येक विषय, त्याचे तास आणि त्यात काय शिकवलं हे ती एका तक्त्यात बसवते. त्या तक्त्याला कोर्सवर्क टूल, बोलीभाषेत सीडब्ल्यूटी म्हणतात. त्याच्या आवृत्त्या आहेत. सध्याची सहावी आजच्या डीपीटीच्या तोडीची आहे, आणि जुन्या आवृत्त्या त्या त्या काळातल्या पदवीच्या तोडीच्या. काही राज्यं तुम्ही पदवी घेतलीत त्या काळची आवृत्ती लावतात, काही सरसकट सहावी लावतात. म्हणूनच राज्य आधी. एकच बीपीटी एका राज्यात पुरेशी ठरते आणि दुसऱ्या राज्यात तीच कमी पडते.

एफसीसीपीटीला लागणारी कागदपत्रं तुम्ही स्वतः स्कॅन करून पाठवून चालत नाहीत. माझी पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि गुणांचा अधिकृत उतारा, शिक्षणसंस्थेकडून थेट जावं लागतं, आणि सोबत सविस्तर अभ्यासक्रम लागतो. नुसती विषयांची नावं नव्हे, कुठल्या विषयात कुठले धडे, थिअरीचे तास किती, प्रॅक्टिकलचे किती, क्लिनिकलचे किती, सगळं. आपल्याकडे हिशेब तासांचा, तिकडे क्रेडिटचा. वर्गातल्या शिकवणीचे साधारण पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट. तास लिहिलेलेच नसतील तर क्रेडिट कशाचं देणार? इंटर्नशिपच्या पोस्टिंगचे तास विभागवार लिहून घ्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. माझी फाईल कॉलेजच्या ऑफिसात महिनाभर एका टेबलावर होती. शेवटी मी स्वतः तक्ता टाइप करून नेला, मूळ लॉगबुक सोबत ठेवलं, आणि क्लार्क काकांनी समोर बसून एकेक ओळ पडताळून पाहिली. त्या दिवशी सही-शिक्का झाला. तुम्हीही हेच करा. रिकामा अर्ज देऊन वाट पाहू नका. पडताळायला सोपं जाईल असं भरून न्या. शिवाय तुम्ही ज्या वर्षी शिकलात त्या वर्षाचाच अभ्यासक्रम न्या. नवा जोडला तर तो तुमच्या मार्कशीटशी जुळणार नाही.

२०२२ चा पावसाळा-हिवाळा यातच गेला. मूल्यमापनाचा अहवाल हातात आला तेव्हा २०२३ उजाडलं होतं. त्यात मला कमी पडलेली क्रेडिट्स दोन ठिकाणी होती. एक, सामान्य शिक्षणात, म्हणजे मानव्यशास्त्रासारख्या विषयांत, कारण आपण बारावीनंतर थेट शरीररचनाशास्त्रात शिरतो. दोन, व्यावसायिक विषयांत: मेडिकल स्क्रीनिंग, इमेजिंग, फार्माकॉलॉजी, प्रशासन आणि कायदा. अहवाल पहिल्यांदा वाचला तेव्हा घशात आवंढा आला होता. पाच वर्षं रुग्ण तपासल्यानंतर कुणीतरी कागदावर 'अपुरं' लिहून पाठवतं, ते मनाला लागतं. पण दुसऱ्यांदा वाचला तेव्हा लक्षात आलं, ज्या गोष्टी ओपीडीत मला अडत होत्या, त्यांचीच ही यादी होती. तो कागद मी पुढे प्रत्येक युनिव्हर्सिटीचा अभ्यासक्रम बघताना शेजारी ठेवला. यादीतले विषय ज्या टी-डीपीटीत होते तीच युनिव्हर्सिटी, बाकीच्या गाळल्या.

युनिव्हर्सिटी बघताना आणखी तीन गोष्टी तपासा. पहिली, ती परदेशात शिकलेल्यांना घेते का. बऱ्याच टी-डीपीटी फक्त अमेरिकन लायसन्स असलेल्यांसाठीच असतात. दुसरी, वर्ग प्रत्यक्ष भरतात का. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पूर्णवेळ शिकताना प्रत्येक सत्रात एकच ऑनलाइन विषय, तोही जास्तीत जास्त तीन क्रेडिटपर्यंत, पूर्णवेळात मोजला जातो. त्यामुळे बहुतेक ऑनलाइन टी-डीपीटी आपल्या उपयोगाच्या नाहीत. तिसरी, संस्थेची मान्यता. कॅप्टी ही मान्यता देणारी संस्था फक्त फिजिकल थेरपिस्ट आणि त्यांचे सहाय्यक घडवणाऱ्या मूळ अभ्यासक्रमांना मान्यता देते, टी-डीपीटीला नाही. त्यामुळे टी-डीपीटीच्या पानावर कॅप्टी दिसली नाही म्हणून घाबरू नका, पण युनिव्हर्सिटी स्वतः मान्यताप्राप्त आहे ना, हे बघाच.

टोफेल ही इंग्रजीची परीक्षा मी २०२३ च्या सुरुवातीला दिली. गुण दोन वर्षंच चालतात, त्यामुळे ॲडमिशनसाठी दिलेली परीक्षा लायसन्सपर्यंत पुरली नाही आणि २०२५ मध्ये पुन्हा द्यावी लागली. दुसऱ्या वेळी ती दोन तासांत आटोपली, कारण जुलै २०२३ पासून परीक्षाच लहान झाली आहे. आपल्या मुलामुलींना वाचणं-ऐकणं जड जात नाही, अडतं ते बोलण्याच्या विभागात. मी रोज संध्याकाळी एखाद्या पेशंटची केस फोनवर रेकॉर्ड करून इंग्रजीत सांगायचे आणि परत ऐकायचे. त्याचा उपयोग नंतर क्लिनिकमध्येही झाला.

ॲडमिशन मिळाली, आय-२० हा व्हिसासाठी युनिव्हर्सिटीने द्यायचा कागद आला, सेव्हिस या विद्यार्थी-नोंदणीचे ३५० डॉलर आणि व्हिसाचे १८५ डॉलर भरले. शैक्षणिक कर्ज घेतलं, बाबा सहकर्जदार. बँकेत सही करताना त्यांनी पेन क्षणभर टेकवून ठेवलं होतं, ते मी पाहिलं. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत काही मिनिटांचीच झाली. अधिकाऱ्याने विचारलं, तुम्ही तर आधीच फिजिओथेरपिस्ट आहात, मग हे कशाला? मी एफसीसीपीटीच्या अहवालातले विषय सांगितले. खरं उत्तर तेच होतं, म्हणून पाठ करावं लागलं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये वर्ग सुरू झाले. पहिल्या सत्रात मला वाटायचं की नवीन तंत्रं शिकवतील, हाताच्या नव्या पद्धती, काहीतरी जादू. तसं काही नव्हतं. पहिले कितीतरी आठवडे फक्त विचारणं शिकवलं: रात्री वेदनेने जाग येते का, वजन आपोआप घटलंय का, लघवीवरचा ताबा गेलाय का, ताप आहे का. कुणाला हात लावायचा आणि कुणाला आधी डॉक्टरकडे पाठवायचं, यावर अख्खा अभ्यासक्रम उभा होता.

त्यातली एक प्रॅक्टिकल परीक्षा मी विसरणार नाही. पेशंटची भूमिका करणारी एक बाई बसली होती. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेले आणि तक्रार अशी की पोटरी दुखतेय, स्ट्रेचिंग शिकवा. मी टेप काढली, टिबियाच्या, म्हणजे नडगीच्या हाडाच्या, उंचवट्याखाली दहा सेंटीमीटरवर खूण केली आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या. दुखरी पोटरी तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त भरली, असं धरून चालायला परीक्षकांनी सांगितलं. बोटाने दाबलं तर खळगा राहतो, असंही. मी मनात शिरेतल्या गुठळीची शक्यता जोखणारे वेल्सचे गुण लावत गेले: बारा आठवड्यांच्या आतलं मोठं ऑपरेशन, एक, पोटरीचा घेर, एक, दाबल्यावर राहणारा खळगा, एक. दोन किंवा जास्त गुण म्हणजे शिरेत गुठळी असण्याची शक्यता बरीच. मी स्ट्रेचिंग शिकवलं नाही. पेशंटला शांतपणे सांगितलं की आज व्यायाम नाही, आत्ता लगेच तपासणी हवी, आणि सर्जनला करायचा फोन तिच्यासमोर बोलून दाखवला: कोण, काय, कधीपासून, मोजमाप किती, मला काय शंका आहे. परीक्षकांनी नंतर मला विचारलं, सर्जन म्हणाले 'काही नाही, चालू द्या' तर? मी म्हटलं, मोजमाप लिहून ठेवीन, पुन्हा सांगीन, आणि तपासणी होईपर्यंत व्यायाम देणार नाही. ते बोलताना माझा आवाज हलला नाही. त्या चिठ्ठ्यांच्या ओपीडीत मला याचीच उणीव होती.

याला तिथे कायद्याचाही आधार आहे. सगळ्या पन्नास राज्यांत पेशंट काही ना काही प्रमाणात डॉक्टरच्या चिठ्ठीविना थेट फिजिकल थेरपिस्टकडे येऊ शकतो. टेक्सासमध्ये २०१९ च्या कायद्याने असे कामाचे दहा दिवस उपचार करता येतात, आणि डॉक्टरेट असेल तर ठरलेल्या अटींवर पंधरा. माझ्यासाठी या पदवीचं मोल त्या जास्तीच्या पाच दिवसांत आहे. कारण त्या दिवसांत चूक झाली तर ती माझी असते.

बाकी अभ्यासाबद्दल थोडक्यात. फार्माकॉलॉजी जड गेली, इमेजिंग आवडलं. बिलिंगचा विषय कंटाळवाणा वाटतो, पण तो नीट करा. मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या आठ मिनिटांच्या नियमात आठ ते बावीस मिनिटं म्हणजे बिलाचं एक युनिट, तेवीसपासून दोन, आणि नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हेच लागतं. खर्च उन्हाळी सत्रात जास्त जाणवला. हातात कॅम्पसवरची आठवड्याला काही तासांची नोकरी, भाडं तेवढंच, आणि युनिव्हर्सिटीचा आरोग्य विमा सक्तीचा. २०२४ च्या हिवाळ्यात एकदा मी रात्रभर जागी होते, रुपयांत हिशेब करत. सकाळी मावसबहिणीला फोन केला. ती म्हणाली, रुपयांत मोजणं थांबव, सत्रांत मोज. तसं केल्यावर झोप लागायला लागली.

आता नियोजनातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. सीडब्ल्यूटीत कमी पडलेले विषय मी २०२५ च्या वसंत सत्रापर्यंत संपवले आणि उन्हाळ्यासाठी फक्त कॅपस्टोन, म्हणजे केस रिपोर्ट, ठेवला. त्यामुळे पदवी हाती येण्याआधी, जूनमध्येच, त्या विषयांचं ट्रान्सक्रिप्ट एफसीसीपीटीला गेलं आणि लायसन्ससाठीच्या ऑक्टोबरच्या राष्ट्रीय परीक्षेसाठी बोर्डाची मंजुरी वेळेत आली. हा क्रम उलटा झाला असता तर ऑक्टोबर हुकून परीक्षा जानेवारीत गेली असती. आणि जानेवारी मला परवडणारा नव्हता, त्याचं कारण ओपीटी.

ओपीटी म्हणजे शिक्षणानंतर काम करायची बारा महिन्यांची मुभा. अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या नव्वद दिवस आधीपासून ते संपल्यावर साठ दिवसांपर्यंत करता येतो. ऑनलाइन फी ४७० डॉलर होती. सुरू होण्याची तारीख त्या साठ दिवसांतली निवडायची असते. एकदा सुरू झाली की एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही, आणि लायसन्सशिवाय आपल्याला फिजिकल थेरपिस्टची नोकरी नाही. मी ऑगस्टमध्ये संपवून ओपीटीची तारीख ऑक्टोबरची घेतली, म्हणजे नव्वद दिवस परीक्षेच्या आसपास सुरू झाले. कॅलेंडर घेऊन बसा आणि या तारखा पेन्सिलने शेवटच्या तारखेपासून मागे येत मांडा.

एनपीटीई ही राष्ट्रीय परीक्षा वर्षातून चारदा होते, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये. केंद्रं फक्त अमेरिकेत आणि तिच्या अखत्यारीतल्या प्रदेशांत. २०१० मध्ये प्रश्न फुटल्याच्या प्रकारांनंतर भारतासह चार देशांच्या पदवीधरांची परीक्षा काही काळ थांबवली होती. आज आपल्याला इतरांसारखंच बसता येतं, पण म्हणूनच कुठल्याही ग्रुपवर 'आलेले प्रश्न' म्हणून फिरणाऱ्या फाईल उघडूही नका. लायसन्सवर कायमचं पाणी सोडावं लागू शकतं. फी ४८५ डॉलर, केंद्राचे पैसे वेगळे. २०२४ पासून प्रश्न २२५, पाच भागांत, पाच तास. त्यातल्या १८० प्रश्नांचेच गुण धरतात, पण कुठले ते कळत नाही. उत्तीर्ण व्हायला ८०० पैकी ६०० चा स्केल्ड स्कोअर लागतो. बारा महिन्यांत तीनदा आणि आयुष्यात सहादाच बसता येतं.

दुसऱ्या भागानंतर पंधरा मिनिटांची हक्काची सुट्टी असते. बाकी कधीही उठलात तरी घड्याळ चालूच राहतं. मी सराव परीक्षाही तशाच दिल्या: मधे उठायचं नाही, पंधरा मिनिटांत खाणं-पाणी उरकायचं. ही परीक्षा घेणाऱ्या फेडरेशनची स्वतःची पीट नावाची सराव परीक्षा विकत मिळते, ती शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवा. चौथ्या भागात डोळ्यांसमोरचे पर्याय सगळे सारखे दिसायला लागतात. तिथे मला क्लासचा एक प्रश्न उपयोगी पडला: यातलं सगळ्यात आधी काय केलं तर पेशंट सुरक्षित राहील? बऱ्याच उत्तरांचा गुंता त्याने सुटला.

निकाल आठवड्याभरात आला. मी तो बसस्टॉपवर उघडला आणि आईला फोन लावला, तेव्हा तिकडे पहाट होती. तिने एका रिंगमध्ये उचलला.

परीक्षेनंतरही टेक्सासला बोटांचे ठसे देऊन गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी आणि राज्याच्या कायद्यावरची जेएएम नावाची परीक्षा लागते. ही जेएएम आधीच देऊन ठेवा, पुस्तक उघडं ठेवून देता येते. भारतातल्या नोंदणीची पडताळणीही मागतात, म्हणून महाराष्ट्राच्या परिषदेकडची नोंदणी इथे आल्यावरही चालू ठेवा. मुदत संपलेली असेल तर तेवढ्यासाठी महिने जातात.

डिसेंबरमध्ये नोकरी सुरू झाली. आता दर दोन वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी तीस तासांएवढं पुढचं शिक्षण. एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी किंवा ग्रीन कार्डसाठी आरोग्यसेवकाचं प्रमाणपत्र लागतं, एफसीसीपीटी ते टाइप १ नावाने देते. त्याची कागदपत्रं बरीचशी तीच असतात, म्हणून कॉलेजकडून सीलबंद पाकिटं घेताना एक-दोन जास्तीची घेऊन ठेवा. ग्रीन कार्डसाठी फिजिकल थेरपिस्ट 'शेड्यूल ए' या कमतरतेच्या व्यवसायांच्या यादीत येतात, त्यामुळे लेबर सर्टिफिकेशनचा, म्हणजे त्या कामाला अमेरिकी माणूस मिळत नाही हे सिद्ध करण्याचा, लांबलचक टप्पा लागत नाही, पण भारतीयांची व्हिसाची रांग लांबच आहे. माझा टाइप १ चा अर्ज या महिन्यात जाईल.